उशाशी बटण

साइटवर त्याला टेस्टर म्हणतात. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावायची सवय पहिल्या नोकरीपासूनची, आणि नावही तेव्हाच पडलं. आता तो विजेच्या कामाचा मुख्य सुपरवायझर आहे, हाताखाली चाळीसेक माणसं असतात, स्वतः तारेला हात लावायची वेळ आठवड्यातून एकदाही येत नाही. तरी टेस्टर खिशात असतोच. लग्नाच्या फोटोतही आहे. बायको सांगते, "फोटोवाला दोनदा म्हणाला, खिशातलं पेन काढा. हे म्हणाले, पेन नाहीये ते."

त्याच्याकडे आणखी एक वस्तू असते, ती मात्र टेबलाच्या खणात, कुलपात. 'रद्द' असं लिहिलेला रबरी शिक्का.

बांधकामावर एकाच मजल्याचा नकाशा चार-पाच वेळा बदलतो. कुणाला दार हलवायचं असतं, कुणाला न्हाणीघर मोठं हवं असतं. प्रत्येक बदलाला नवा कागद निघतो आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत आकडा एकानं वाढतो. पहिला कागद शून्य नंबरचा, मग एक, मग दोन. नवा कागद आला की टेस्टर आधी जुना मागून घेतो, त्याच्या छातीवर शिक्का मारतो आणि मगच नवा हातात देतो. जुन्या कागदावर काम करताना कुणी सापडला तर त्या दिवशी त्याची धडगत नसते. एरवी टेस्टर आवाज चढवणारा माणूस नव्हे.

याला कारण आहे. फोरमन होऊन त्याला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्यानं एक अख्खा मजला जुन्या नकाशावर करून ठेवला होता. मधल्या काळात दारं उलट्या बाजूला उघडायची ठरली होती. तो कागद ऑफिसात होता, याच्या हातात नव्हता. दारं बसली तेव्हा कळलं. बेचाळीस खोल्यांचे बेचाळीस स्विचबोर्ड दारांच्या मागे गेले होते. ज्याच्या हाताखाली तो काम शिकला तो उस्ताद मजला बघायला आला. एका खोलीत शिरला, दारामागे हात घातला, दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

"छान आहे," तो म्हणाला. "लपाछपी खेळायला उत्तम."

मग छिन्नी आणि हातोडा टेस्टरच्या हातात ठेवून निघून गेला. त्या बेचाळीस भिंती टेस्टरनं एकट्यानं फोडल्या. अकरा दिवस लागले.

उस्तादानंच पुढे मागे लागून त्याला सुपरवायझरच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलं. पहिल्या वर्षी तो तोंडी परीक्षेत आपटला. अर्थिंग कशासाठी करतात, एवढंच परीक्षकानं विचारलं होतं. यानं कसं करतात ते सांगितलं: खड्डा किती खोल, पट्टी किती जाड, मीठ किती, कोळसा किती, पाणी कधी घालायचं. परीक्षकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हा तुमचा हात बोलला. तुम्ही कधी बोलणार?" दुसऱ्या वर्षी त्यानं दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि परवाना घेऊन आला. उस्ताद तोवर काम सोडून घरी बसला होता. त्याला परवाना दाखवायला गेला तर तो म्हणाला, "आता तू सह्या करणार. हात विसरू नकोस."

परवाना मिळाला तसं काम वाढलं, साइटी मोठ्या झाल्या आणि लांब गेल्या. दुकानांचे गाळे, शाळा, शीतगृह, एक हॉटेल, मग राहत्या इमारतीच इमारती. सत्तावीस वर्षांत सव्वीस बांधकामं. या धंद्याची गंमत अशी की ज्या दिवशी इमारतीत दिवे लागतात त्या दिवशी यांचं काम संपतं. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीतली गादी गुंडाळायची आणि पुढच्या साइटवर जायचं. पडदे लावलेली खिडकी टेस्टरनं आपल्या एकाही इमारतीला पाहिलेली नाही.

घर एका गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत. साइट कुठेही असली तरी घरापासून एका दिवसाच्या प्रवासावर असायची. दीड-दोन महिन्यांनी तो तीन दिवसांसाठी यायचा. पहिला दिवस झोपण्यात जाई, दुसऱ्या दिवशी घरातले सगळे होल्डर नि पिना तपासून होत, तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची.

सोळा वर्षांपूर्वीच्या अशाच एका खेपेला त्यानं स्वतःच्या घराचा नकाशा काढला.

त्याच्या आईला तेव्हा नुकताच अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली, उजवा हात राहिला, आवाज पार बसला. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत; आत स्वयंपाकघरात नळ चालू असला की तिची हाक काही ऐकू जायची नाही. म्हणून बायकोनं तिच्या उशाशी एक स्टीलची ताटली आणि चमचा ठेवला होता. काही हवं असलं की आई ताटली वाजवायची. मुलगी तेव्हा सात वर्षांची. दिव्याची बटणं उंचावर होती, तिचा हात पोचत नसे, म्हणून ती दिवसभर एक स्टूल या खोलीतून त्या खोलीत ओढत फिरायची. त्या तीन दिवसांत टेस्टरच्या कानात दोनच आवाज होते, ताटलीचा आणि स्टुलाचा.

गावाच्या टोकाला वडिलांनी घेऊन ठेवलेली एक जागा होती. तिथे बाभळी माजल्या होत्या. त्या जागेवरचं घर त्यानं एका जुन्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर काढलं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. दिवे कुठे, पंखे कुठे, पाईप कुठून कुठे. मुलीला पाठ लावून भिंतीशी उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि कोपराएवढी तिच्या खोलीतल्या बटणांची उंची लिहिली: जमिनीपासून तीस इंच. मग टेप घेऊन आईच्या पलंगाशी बसला. पलंगाची उंची घेतली, तिच्या उजव्या हाताचं माप घेतलं, खांद्यापासून अंगठ्यापर्यंत.

आईच्या तोंडून शब्द जड यायचे, टोमणा मात्र सरळ यायचा.

"काय मापतोस? शिवायचंय का काही?"

"बेल लावायचीय तुला. नव्या घरात. इथं उशाशी बटण. अंगठ्यानं दाबलंस की आत स्वयंपाकघरात वाजणार. ताटली बंद."

"मग कोण येणार?"

"ही येईल ना."

"ती आत्ताही येते. ताटलीला येते." आईनं थोडा श्वास घेतला. "तू येशील अशी असली बेल, तर लाव."

तो हसला. बायको आतून म्हणाली, "तसली बेल अजून निघाली नाही, आई." टेस्टरनं नकाशावर पलंगाच्या उशाशी एक लहान गोल काढला आणि शेजारी लिहिलं: 'आई, बेल. उंची बावीस इंच.' मग सवयीनं खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. नंबर शून्य, तारीख, सही.

पाईपाच्या एका हातभर तुकड्यात ती गुंडाळी घातली, दोन्ही टोकांना टोपणं लावली आणि पाईप कपाटावर ठेवून दिला.

पुढची पाच वर्षं बायको ताटलीवर उठत राहिली. आई गेली तेव्हा टेस्टर नवव्या मजल्याच्या स्लॅबवर होता. त्या साइटवर फोन गेटवरच्या कपाटात ठेवून आत जायचा नियम होता. निरोप त्याला चार तासांनी मिळाला आणि तो घरी पोचला तोवर आईची गादी बाहेर उन्हात टाकलेली होती. तो तीन दिवस राहिला. ताटली आणि चमचा बायकोनं इतर भांड्यांत मिसळून टाकले. कुठली ताटली ती, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दर खेपेला दुपारच्या वेळी तो कपाटावरचा पाईप काढायचा, नकाशा जमिनीवर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवायचा आणि बघत बसायचा. मुलगी बारा वर्षांची झाली, सोळाची झाली, शिकायला बाहेर गेली, परक्या शहरात नोकरीला लागली. नकाशात ती सातच वर्षांची होती. काम पेन्सिलीचं होतं आणि घरात खोडरबर होतं. पण "पुढच्या खेपेला नीट नवा काढतो" असं म्हणून तो गुंडाळी परत पाईपात घालायचा.

बायको एकदा म्हणाली, "तुमच्या साइटवर कुणी एवढं लांबवलं तर तुम्ही काय करता हो?"

"काढून टाकतो."

"हं," ती म्हणाली.

घर शेवटी गेल्या वर्षी सुरू झालं. बायकोचा भाऊ लहानसहान घरं बांधून देतो, त्यानं काम अंगावर घेतलं. बाभळी तोडल्या, पाया झाला, खांब उभे राहिले. रोजची देखरेख बायकोकडे. टेस्टरनं दोघांनाही एकच गोष्ट बजावून ठेवली होती. बाकी काहीही तुमच्या मनानं करा, पण स्लॅबमधले पाईप मी टाकणार. मी आल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही.

हा हट्ट कशाचा ते धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. छताचा स्लॅब ओतायच्या आधी, फळ्या ठोकलेल्या आणि सळ्या बांधलेल्या असताना, विजेचे पाईप त्या सळ्यांच्या जाळीत टाकून घ्यावे लागतात. पाईपात स्प्रिंग घालायची, गुडघ्यावर दाबून वळण द्यायचं, तारेनं सळीला बांधायचं. एकदा काँक्रीट पडलं की जे आत आहे ते कायमचं आत आणि जे राहिलं ते कायमचं राहिलं. सव्वीस इमारतींच्या स्लॅबवर टेस्टर उभा राहिला होता. स्वतःच्या गुडघ्यावर पाईप वाकवून त्याला पंधरा वर्षं झाली होती. आयुष्यात एक स्लॅब त्याला आपल्या हातानं करायचा होता आणि त्या छताखाली राहायचं होतं. दुसरं काही त्यानं मागितलं असेल तर ते घरच्यांना तरी माहीत नाही.

"दाजी, गुरुवारी स्लॅब," मेहुण्यानं कळवलं. टेस्टरनं आठ दिवसांची रजा टाकली. मंजूर झाली. पिशवी भरली.

सोमवारी विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसातून पत्र आलं. तो तेव्हा एका हॉस्पिटलचं काम बघत होता. दोन वर्षांचं काम संपत आलं होतं आणि मुख्य पॅनलमध्ये वीज सोडायला तारीख मिळत नव्हती. ती मिळाली. गुरुवार.

साइटचा इंजिनिअर टेस्टरपेक्षा वीस वर्षांनी लहान. तो पत्र घेऊन स्वतः पत्र्याच्या खोलीत आला. "काका, मला सगळं माहीत आहे. पण परवाना तुमचा. तुम्ही समोर नसाल तर निरीक्षक पेन उघडणार नाहीत. पुढची तारीख दीड महिन्यानं."

टेस्टरनं मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, स्लॅबखाली लावलेल्या माझ्या प्लेटा शनिवारनंतर दुसरीकडे ठरल्यात," मेहुणा म्हणाला. "मिक्सर परत महिनाभर नाही. तुम्ही म्हणाल तर थांबतो, पण सळ्यांना तांब चढायला लागलीय. तुम्हीच सांगा."

टेस्टरनं भरून ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. मेहुणाच पुढे म्हणाला, "गावात एक चष्मेवाला वायरमन आहे. हात साफ आहे त्याचा. हळू करतो, पण कागदाबाहेर जात नाही."

संध्याकाळी टेस्टरनं बायकोला फोन केला. तेव्हा तो पॅनलसमोर उकिडवा बसून एकेक जोड तपासत होता, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन.

"कपाटावरचा पाईप काढ. आत नकाशा आहे. तो वायरमनला दे. म्हणावं, नकाशात आहे तसं करायचं. एक इंच इकडचं तिकडं नको."

"नकाशात आहे तसं, सगळं?"

"सगळं."

तिनं पुन्हा विचारलं, "सगळं?"

"अगं, नकाशा म्हणजे नकाशा," तो म्हणाला आणि फोन ठेवून पुढच्या जोडाकडे वळला.

गुरुवारी अकरा चाळीसला निरीक्षकानं मान हलवली आणि टेस्टरनं मुख्य स्विच वर ओढला. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. पाच मजल्यांच्या बोळांत एकामागून एक दिवे लागत गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकानं सही केली, टेस्टरनं सही केली. दुपारी बायकोनं स्लॅबचा फोटो पाठवला. ओलं, करडं काँक्रीट, कडेला उभा मेहुणा. फोटोत बघण्यासारखं काही नव्हतं. सगळं आत गेलं होतं.

हॉस्पिटलचं उरलंसुरलं काम निस्तरायला आणखी दहा आठवडे गेले. तोवर घराच्या भिंती उभ्या राहिल्या, पाईपांसाठी त्यांच्यात झिऱ्या, म्हणजे उभ्या खाचा, पाडल्या गेल्या, बटणांचे लोखंडी बॉक्स बसले. प्लास्टर मात्र बायकोनं थांबवून धरलं. भावाला तिनं सांगितलं, "ते बघतील, मग लिंपायचं."

टेस्टर आला तो स्टँडवरून थेट बांधकामावर. बायको दारात होती, म्हणजे दाराच्या चौकटीत. दार अजून लागायचं होतं. आत चष्मेवाला वायरमन हात मागे बांधून उभा होता, परीक्षेला बसल्यासारखा.

टेस्टरनं काम बघायला सुरुवात केली. झिऱ्या ओळंब्यात होत्या. बॉक्स सरळ. पाईपांची तोंडं कागदाच्या बोळ्यांनी बंद केलेली, आत सिमेंट जाऊ नये म्हणून. तो एकदा "हं" म्हणाला. चष्मेवाल्याच्या खांद्यांचा ताण जरासा उतरला.

मग तो मुलीच्या खोलीत आला आणि थांबला. बॉक्स त्याच्या मांडीला लागत होते.

"हे काय?"

"तीस इंच," चष्मेवाला म्हणाला. "मोजून घ्या."

बायकोनं मुलीला फोन लावला होता, तिला घर दाखवायला. फोनमधून मुलीचा आवाज आला, "बाबा, आईनं फोटो पाठवला होता. माझ्या खोलीत मांजर ठेवणार आहेस का? लाइट त्यालाच लावता येणार."

कुणी हसलं नाही, तेव्हा तीच म्हणाली, "बरं, मी नंतर करते."

टेस्टर बाहेरच्या खोलीत गेला. उजव्या भिंतीत, खाली, एकच लहान बॉक्स होता. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला. टेप काढला नाही. बावीस इंच किती असतात ते त्याला टेपशिवाय कळतं.

"जुन्या नकाशावर काम केलंय हे," तो म्हणाला. आवाज साइटवरचा होता.

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला. "साहेब, मीही तीस वर्षं हेच करतोय. कागद हातात आल्यावर आधी कोपरा बघितला. शून्य नंबर. वहिनींना विचारलं, याच्या पुढचा आहे का. त्या म्हणाल्या, पुढचा निघालाच नाही." त्यानं चष्मा परत लावला. "नवा असेल तर द्या ना. मी काय, बदलतो."

टेस्टरनं बायकोकडे बघितलं.

"दोनदा विचारलं मी," ती म्हणाली. "सगळं का, म्हणून. दोनदा."

"मी पॅनलवर होतो."

"माहीत आहे. तुम्ही पॅनलवरच असता."

चष्मेवाल्याला एकाएकी बाहेर काहीतरी काम आठवलं.

"आई नाही, हे तुला माहीत होतं," टेस्टर म्हणाला. "पोरगी केवढी झाली ते माहीत होतं."

"तुम्हालाही होतंच की. खोडलंत का?" ती सिमेंटच्या पोत्यावर बसली. "मी तो कागद पसरला तेव्हा म्हटलं, दुसरं कुणी असतं तर खोडून दिलं असतं. मग म्हटलं, यांना स्वतःच्या स्लॅबवर उभं राहायला मिळालं नाही. निदान कागद तरी यांच्या मनासारखा उतरू दे."

त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, चष्मेवाल्याची छिन्नी उचलली आणि मुलीच्या खोलीत गेला. तिथले चार बॉक्स त्यानं स्वतः काढले, झिऱ्या वरपर्यंत उघड्या केल्या आणि अठ्ठेचाळीस इंचांवर पुन्हा बसवले. दुपार गेली. चष्मेवाला मधे एकदा डोकावला, बघत राहिला आणि म्हणाला, "हात आहे अजून." टेस्टरला कित्येक दिवसांत कुणी इतकं बरं बोललं नव्हतं.

उरला बाहेरच्या खोलीतला बॉक्स.

"दहा मिनिटांचं काम," चष्मेवाला म्हणाला. "बॉक्स काढतो, सिमेंट भरतो. वरचा पाईप मात्र राहणार. इथून वर, स्लॅबमधून आडवा, थेट स्वयंपाकघरात उतरलाय. तो आता निघायचा नाही."

"राहू दे तो बॉक्स," बायको म्हणाली. ती चहाची किटली घेऊन आली होती. "मला एक सांगा. त्या पाईपातून उलटं करता येतं का?"

"उलटं म्हणजे?"

"बटण स्वयंपाकघरात आणि बेल इथं. इथं आता तुमचा पलंग येणार. पाच वर्षं ताटली वाजली की मी उठले. आता मी दाबणार, तुम्ही यायचं."

चष्मेवाला खाली बघून हसला. टेस्टरनं वर छताकडे पाहिलं, जिथे काँक्रीटमध्ये तो पाईप कुठेतरी होता.

"पाईपला काय कळतंय सुरुवात कुठली नि शेवट कुठला," तो म्हणाला. "येतं करता."

तार त्यानंच ओढली. एका टोकाला बायको उभी राहून "सोडा, सोडा, थांबा, अडकली" असं ओरडत होती आणि दुसऱ्या टोकाला तो. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवरून त्यानं वीज घेतली, टेस्टर लावून बघितला, बेल लटकती ठेवली. मग भिंतीतल्या भेगा भरायला बसला.

बेल वाजली. घर रिकामं असल्यानं आवाज सगळीकडून आला. थापी हातात तशीच घेऊन तो स्वयंपाकघरात गेला.

"काय झालं?"

"काही नाही. येता का ते बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोरा कागद घेतला आणि सोळा वर्षांनी नवा नकाशा काढला. पलंगाच्या उशाशी गोल तसाच ठेवला, शेजारचा शब्द बदलला. कोपऱ्यात चौकट, नंबर एक, तारीख, सही. बायको पाठीमागून बघत होती. "मग आता जुन्याला शिक्का मारायचा ना?" तिनं विचारलं.

"शिक्का साइटवर आहे," तो म्हणाला.

हातात पेन होतं. रद्द हा शब्द काही फार मोठा नाही. त्यानं दोन्ही कागद एकात एक गुंडाळले, पाईपात घातले आणि टोपणं लावली.

तिसऱ्या दिवशी, पिशवी भरताना, इंजिनिअरचा फोन आला. चौदा मजल्यांची नवी इमारत. तीन वर्षांचं काम, पायापासून. बायको समोर बसून त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"चौथ्या मजल्यापर्यंत येतो," टेस्टर म्हणाला. "पुढे दुसरा माणूस बघा. घर झालंय माझं."

इंजिनिअरचा आवाज मोठा आहे, खोलीत ऐकू आला. "काका, हॉस्पिटललाही तुम्ही चौथ्या मजल्यापर्यंतच येणार होतात."

बायकोनं घडी घातलेला शर्ट उघडला, झटकला आणि पुन्हा घडी घातली.

नव्या इमारतीचा तिसरा स्लॅब ओतला त्या दिवशी टेस्टर सळ्यांवर टाकलेल्या फळीवर उभा होता. सकाळचे दहा वाजले होते. पाईप बांधून झाले होते, त्यानं एकेक गाठ बघितली होती. एका कोपऱ्यात काँक्रीट पडायला सुरुवात झाली होती आणि ते बसवायचं यंत्र थरथरत होतं. फोन वाजला. आता तो स्वतःच मुख्य असल्यामुळे फोन त्याच्या खिशात असतो.

"काल राहायला आलो," बायको म्हणाली. पोरगीही दोन दिवसांसाठी आली होती. मागून तिचा आवाज येत होता. "आत्ता सामान लावतेय. ऐका जरा."

टेस्टरनं हात वर केला. यंत्र चालवणाऱ्यानं यंत्र बंद केलं. काहीतरी चुकलं असणार असं वाटून दहा-बारा माणसं जागच्या जागी थांबली.

फोनमधून बेल ऐकू आली. लांबून, भिंतींना धडकून आल्यासारखी. आता तिथे सामान होतं, त्यामुळे आवाज पहिल्यासारखा घुमत नव्हता.

टेस्टर दोन पावलं शिडीकडे गेला. मग फळीच्या टोकाशी थांबला.

"आली ऐकू?"

"आली."

"चौथ्या मजल्यानंतर ना?"

"चौथ्यानंतर."

"बरं. तोवर मी रोज एकदा दाबून बघत जाईन. वापरली नाही तर गंजेल ना बेल?"

"बेल नाही गंजत," टेस्टर म्हणाला. हे तो सुपरवायझर म्हणून बोलला. खाली माणसं अजून त्याच्या हाताकडे बघत होती. हात वरच राहिला होता. त्यानं तो खाली घेतला, यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि त्या आवाजात तिला ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"पण दाबत जा," तो म्हणाला.